उस्मानपुरा ते वेरूळ : एका जुन्या राजमार्गाची हकीकत

छत्रपती संभाजीनगरांतील उस्मानपुऱ्यांतून सकाळीं निघालेली मोटार तासाभरांत वेरूळला पोंचते. मंडळी कैलास पाहतात, घृष्णेश्वराचें दर्शन घेतात आणि दिवेलागणीला घरीं परततात. वाटेंत दौलताबादचा किल्ला लागतो, एक अरुंद घाट लागतो, खुलदाबाद नांवाचें एक लहानसें गांव लागतें. या साऱ्याकडे खिडकींतून पाहून 'परततांना उतरूं' असा बेत होतो, आणि परततांना अंधार पडलेला असतो. वेरूळची लेणीं जगांतील आश्चर्यांपैकीं आहेत. त्यांच्यासाठीं घाई झाली तर त्यांत नवल नाहीं. परंतु जो सुमारें तीस किलोमीटरांचा रस्ता असा एका दमांत ओलांडला जातो, तो स्वतःच पाहण्यासारखा आहे. दिल्लीच्या एका सुलतानानें ज्या राजमार्गानें आपली राजधानी दक्षिणेंत हलविली, त्याचा शेवट या रस्त्यावर आहे.

अमेरिकेंत शिकागोपासून पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा 'रूट सिक्स्टी-सिक्स' नांवाचा एक हमरस्ता १९२६ सालीं ठरविण्यांत आला. नवे रुंद रस्ते झाल्यावर १९८५ सालीं सरकारी यादींतून त्याचें नांवहि गेलें. तरी त्याच्या कडेचे जुने पेट्रोल पंप, खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा पाहावयास दूरदूरच्या देशांतून लोक जातात, आणि अमुक वळणावर अमुक घडलें म्हणून गाडी थांबवितात. त्या रस्त्याचें वय अवघें शंभर वर्षें. देवगिरीच्या रस्त्याचें वय शतकांनीं मोजावें लागतें, आणि त्यावर थांबणारे मात्र थोडे.

या प्रवासाचा आरंभ उस्मानपुऱ्यापासून धरण्यास इतिहासाचा आधार नाहीं. शहरांतील लोकांना तें सोयीचें आहे इतकेंच. तथापि या वस्तींत संत एकनाथांच्या नांवाचें रंगमंदिर आहे, आणि हा योग चांगला जुळून आला आहे. पैठणचे एकनाथ बाळपणींच गुरूच्या शोधांत घर सोडून निघाले ते देवगिरीलाच गेले. त्यांचे गुरु जनार्दनस्वामी हे किल्ल्यावरील एक मोठे अधिकारी. त्या वेळीं गडावर निजामशाहीचा अंमल होता. दिवसा सुलतानाची चाकरी आणि उरल्या वेळीं ध्यानधारणा, असा त्यांचा क्रम. हिशेबांतील एका पैची चूक शोधण्यासाठीं नाथांनीं रात्र जागून काढली, आणि ती सांपडतांच त्यांना इतका हर्ष झाला कीं गुरूंनीं विचारलें, एका पैसाठीं एवढा आनंद, तर संसारांतील मोठी चूक सांपडल्यास किती होईल? ही आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगितली जाते. ती घडली ती कचेरी याच रस्त्यावरच्या गडावरली, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानीं नसतें. जनार्दनस्वामींची समाधिहि तेथेंच आहे.

उस्मानपुऱ्याजवळच क्रांति चौक आहे. १८५७ च्या जून महिन्यांत हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळांतील शिपायांनीं येथील छावणींत बंड केलें. तें लौकरच मोडण्यांत आलें, आणि पकडलेल्या शिपायांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. चौकांतील काळा चबुतरा त्यांच्या स्मृतीचा. तेथून खाम नदी ओलांडली कीं छावणी लागते, आणि मागें शहर राहतें.

हें शहर या रस्त्यावरील तसें अलीकडचें मूल होय. १६१० सालीं निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें खडकी नांवाच्या खेड्याच्या जागीं तें वसविलें. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुरुष. त्यानें जमिनीखालून नहरी खोदून शहराला पाणी दिलें आणि जहांगीर बादशहाच्या फौजांना वर्षानुवर्षें दक्षिणेंत पाय रोवूं दिला नाहीं. त्याचा पुत्र फत्तेखान यानें खडकीचें फत्तेनगर केलें. पुढें १६५३ सालीं शहाजादा औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हां औरंगाबाद झालें. आणि २०२३ सालीं सरकारनें छत्रपती संभाजीनगर हें नांव दिलें. शहराच्या उत्तरेस औरंगजेबाच्या बेगमेचा मकबरा आहे. त्याचें काम चालू असतां टॅव्हर्निए नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्यास जात होता. वाटेंत त्याला संगमरवर भरलेले तीनशेंहून अधिक गाडे भेटले, आणि त्यांतील लहानांत लहान गाड्याला बारा बैल जुंपलेले होते असें त्यानें लिहून ठेविलें आहे. मकबऱ्याला ताजमहालाची उणी प्रत म्हणून नाकें मुरडणाऱ्यांनीं निदान त्या बैलांची आठवण ठेवावी.

छावणी सुटून मिटमिटा मागें पडलें, कीं उजवीकडच्या डोंगररांगेंतून एक सुळका वेगळा झालेला दिसूं लागतो. हाच देवगिरि. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवानें येथें राजधानी केली. पुढील शंभर-सव्वाशें वर्षें मराठी मुलुखाचा कारभार या डोंगराच्या पायथ्याहून चालला. हेमाद्रि पंडित येथल्याच दरबारांतला. संगीतावरील 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ शार्ङ्गदेवानें सिंघण यादवाच्या आश्रयानें येथेंच रचिला. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही पद्धतींचे गायक त्याला आजहि आधार मानतात. ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील टीका १२९० सालीं पुरी केली तेव्हां येथें रामदेवराव राज्य करीत होता.

त्यानंतर सहाच वर्षांनीं, १२९६ सालीं, कडा प्रांताचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी आपल्या चुलत्याला, म्हणजे दिल्लीच्या सुलतानाला, न कळवितां थोड्याशा स्वारांनिशीं विंध्य ओलांडून देवगिरीवर येऊन थडकला. युवराज शंकरदेव सैन्य घेऊन दूर गेला होता. रामदेवरावानें गडाचे दरवाजे लावून घेतले. घाईघाईनें जीं पोतीं वर नेण्यांत आलीं त्यांत धान्य असावें अशी सर्वांची समजूत होती. उघडून पाहतां त्यांत मीठ निघालें. ही गोष्ट फेरिस्त्यानें तीन शतकांनंतर लिहिली; तेव्हां तिचें अक्षर न् अक्षर खरें मानण्याचें कारण नाहीं. परंतु गड अजिंक्य असूनहि राजाला तह करावा लागला, हें खरें. खिलजी अपार लूट घेऊन परत गेला आणि चुलत्याचा खून करून सुलतान झाला. या रस्त्याचा इतिहास चाळतांना एक गोष्ट लक्षांत येते : उत्तरेहून येथें आलेल्या थोरामोठ्यांत आपल्या मनाप्रमाणें आला आणि मनाप्रमाणें परतला असा हाच एक ठळकपणें दिसतो. त्याच्या मागून आलेल्यांना या मातीनें सहजासहजीं सोडलें नाहीं.

यादवांचें राज्य १३१८ सालीं संपलें. त्याच वर्षीं गडाच्या पायथ्याशीं देवळांचे खांब वापरून मशीद उभारली गेली. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झाल्यावर तेथें भारतमातेची मूर्ति बसविण्यांत आली. एकाच चौकांत देवळाचे खांब, मशिदीची मांडणी आणि भारतमाता, असें हें स्थळ आहे. त्याच्या समोर बहामनी सुलतानानें पंधराव्या शतकांत उभारलेला चांद मिनार.

आतां राजमार्गाकडे वळावयास हरकत नाहीं. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीहून राजधानी हलवून देवगिरीस आणण्याचें ठरविलें आणि तिचें नांव दौलताबाद ठेविलें. या सुलतानाला वेडा म्हणण्याची रीत पडून गेली आहे. 'तुघलकी कारभार' हा शब्द वर्तमानपत्रांतून रोज भेटतो. वस्तुतः त्याचा विचार अगदीं वेडगळ नव्हता. राज्य दक्षिणेंत दूरवर पसरलें होतें. त्याच्या मध्याजवळ, अजिंक्य गडाच्या पायथ्याशीं एक राजधानी असावी हें कोणाहि राज्यकर्त्याला पटण्यासारखें होतें. चूक होती ती माणसांना सामानाप्रमाणें हलवितां येतें या समजुतींत.

रस्त्याची व्यवस्था मात्र त्यानें राजाला शोभेल अशी ठेविली होती. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३४ सालीं दिल्लीस पोंचला. तो लिहितो कीं, दिल्ली आणि दौलताबाद यांमध्यें चाळीस दिवसांची वाट आहे, आणि तिच्या दुतर्फा झाडें इतकीं दाट आहेत कीं वाटसरूला आपण बागेंतून चाललों आहों असें वाटावें. दर मैलाला डाकेच्या तीन चौक्या, आणि वाटसरूला लागेल तें सारें तेथें मिळे. चाळीस दिवसांची बाग! आजच्या एखाद्या बांधकाम खात्यालाहि असा वृत्तान्त आपल्याबद्दल वाचावयास आवडेल.

पण त्याच बागेंतून चाललेल्या एका माणसाची हकीकत निराळी आहे. इसामी नांवाचा इतिहासकार त्या वेळीं कोवळ्या वयाचा होता. त्याच्या नव्वद वर्षांच्या आजोबांना दिल्लीचें घर सोडून निघावें लागलें. दिल्लीबाहेरील तिलपत या पहिल्याच मुक्कामावर म्हाताऱ्यानें देह ठेविला. नातू पुढें चालत राहिला, दौलताबादला पोंचला, आणि वीसएक वर्षांनीं, १३५० च्या सुमारास, त्यानें नव्या बहामनी राज्याच्या आश्रयानें 'फुतूह-उस्-सलातीन' हें इतिहासकाव्य लिहिलें. त्यांत तुघलकाविषयीं एकहि गोड शब्द नसावा यांत आश्चर्य तें काय? दिल्ली अगदीं ओस पडली, एका आंधळ्याला फरफटत आणलें तेव्हां त्याचा नुसता पाय दौलताबादला पोंचला, अशाहि गोष्टी इब्न बतूतानें ऐकून लिहिल्या आहेत. त्या ऐकीव आहेत. अभ्यासकांचें मत असें कीं सारें शहर नव्हे, तर अमीर, अंमलदार, विद्वान आणि सूफी यांचीं घराणीं प्रामुख्यानें हलविलीं गेलीं. तें खरें धरलें तरी तिलपतचा म्हातारा खोटा ठरत नाहीं.

थोड्याच वर्षांत सुलतानाचा बेत बदलला आणि परत जाण्याची मुभा मिळाली. कांहीं गेले, पुष्कळ राहिले. त्या राहिलेल्यांतूनच १३४७ सालीं दिल्लीपासून तुटलेलें बहामनी राज्य निघालें, आणि दिल्लीकडून आलेली बोली येथल्या मराठी, कानडी, तेलगू शेजारांत राहून दखनी झाली. राजधानी नेण्याचा बेत फसला तो असा.

गड स्वतः पाहण्यास निदान अर्धा दिवस हवा. मूळ डोंगराचा कडा खालच्या बाजूनें सुमारें पन्नास मीटर सरळ तासून काढलेला आहे. त्यावर सरड्यालाहि पाय ठेवतां येऊं नये. भोंवतीं खंदक, खंदकावर एकच अरुंद पूल, आणि त्यानंतर कातळांत खोदलेली 'अंधारी' नांवाची वळणावळणाची वाट. पूल ओलांडूनहि शत्रूला चढावयाचें तें काळोखांत, चांचपडत. इतकें असून गड बहुधा लढाईनें पडला नाहीं. उपासमारीनें, फितुरीनें किंवा तहानें पडला. मोगलांनीं तो १६३३ सालीं घेतला.

वर जातांना चिनी महाल लागतो. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ सालीं औरंगजेबानें पकडून येथें ठेविलें. ज्याच्या दरबारीं दहा वर्षांपूर्वीं शिवाजी महाराजांचा मोठा सत्कार झाला होता, तो हा राजा सुमारें बारा वर्षें या भिंतींत राहिला आणि येथेंच मेला. त्याचें दफन पुढच्या गांवीं, खुलदाबादेस झालें.

त्या गांवाकडे जाणारा रस्ता किल्ल्याच्या सर्वांत बाहेरच्या तटांतून घाटांत शिरतो. तटाच्या वेशीचें नांव दिल्ली दरवाजा. बांधणाऱ्यांनीं ती हत्ती, उंट, पालख्या आणि बैलगाड्या यांसाठीं बांधली. आज तींतून मोटारी, प्रवासी बसगाड्या आणि मालवाहू वाहनें जातात. सुटीच्या दिवशीं दोन्ही बाजूंस वाहनांची रांग लागते, भोंगे वाजतात, आणि गाडींत अडकलेल्याच्या मनांत येतें कीं ही कमान एकदांची पाडून टाकली तर किती बरें होईल. ज्यांना ऊन लागतें त्यांचा हा वैताग समजण्यासारखा आहे. परंतु वाहनांना दुसरा रस्ता काढून देतां येतो. दरवाजाला दुसरी जागा देतां येत नाहीं. या वाटेवर दिल्लीचें नांव ज्यानें अद्याप अंगावर वागविलें आहे असा हा एवढाच दगड उरला आहे, आणि तो चालत्या वाहनांच्या धक्क्यांत उभा आहे. त्याचें काय करावयाचें हें कोणत्या तरी पिढीला ठरवावें लागेल. तें ठरविण्याआधीं एकदां गाडींतून उतरून त्या कमानीखालीं उभें राहावें हें उत्तम.

घाट चढून गेल्यावर कागजीपुरा लागतो. नांवावरूनच समजतें कीं हें कागद करणाऱ्यांचें गांव. तुघलकाच्या बरोबर आलेल्या कारागिरांनीं तें वसविलें अशी परंपरा आहे. चिंध्यांचा लगदा करून, पाण्याच्या हौदांतून चाळणीवर उचलून, भिंतीवर वाळवून, घोटून गुळगुळीत केलेला येथला कागद दप्तरांसाठीं व पोथ्यांसाठीं दूरवर जात असे. गिरणीच्या कागदानें तो धंदा बहुतांशीं बुडविला.

मग खुलदाबाद. जुनें नांव रौजा. तुघलकाच्या वेळीं दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दक्षिणेंत आले; १३३७ सालीं ते वारले आणि येथें त्यांचा दर्गा झाला. त्यांच्या सोबतच्या काळांतला कवि अमीर हसन सिज्झी, ज्यानें निजामुद्दीनांचीं वचनें टिपून ठेविलीं, तोहि येथेंच आहे. संतांच्या शेजारीं पुरलें जावें ही राजांची हौस. म्हणून एवढ्याशा गांवांत इतिहासाची एवढी गर्दी झाली. मलिक अंबर १६२६ सालीं वारला, त्याची कबर येथें. औरंगजेब १६८१ सालीं दक्षिणेंत उतरला तो मराठ्यांचें राज्य बुडवूनच परत जावयाचें म्हणून. पंचवीस वर्षें तंबूंत काढून १७०७ सालीं अहमदनगरास, आतांच्या अहिल्यानगरास, वारला, आणि त्याचें प्रेत या गांवीं आणण्यांत आलें. स्वतः टोप्या शिवून मिळविलेल्या थोड्याशा रुपयांतून आपली कबर करावी असें त्यानें सांगून ठेविलें होतें असें म्हणतात. कबरीवर छत नाहीं. वर मातींत सब्जाचें रोप आहे. भोंवतालचा संगमरवर विसाव्या शतकाच्या आरंभीं लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून बसविला गेला. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजामउल्मुल्क १७४८ सालीं वारला. तोहि या गांवचाच झाला. ज्यानें मोगलांना दक्षिणेबाहेर ठेविलें तो अंबर, ज्यानें दक्षिण गिळावयास पाहिली तो बादशहा, आणि त्याच्या मागें दक्षिण वेगळी करून घेतली तो निजाम, असे तिघे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर निजलेले आहेत.

याच गांवीं भद्रा मारुति आहे. मारुति उभा असावयाचा, हा पहुडलेला. हनुमान जयंतीला आणि श्रावणांतल्या शनिवारीं शहरांतून हजारों लोक रात्रींच पायीं निघतात आणि पहांटे येथें पोंचतात. उस्मानपुऱ्यांतले कित्येक त्यांत असतात. तुघलकाच्या वाटेवरून आजहि जे खरोखर चालतात ते एवढेच.

खुलदाबादेहून घाट उतरला कीं वेरूळ. येथें बोलण्यापेक्षां पाहणेंच बरें, म्हणून थोडक्यांत. बारा बौद्ध, सतरा हिंदु आणि पांच जैन अशीं चौतीस लेणीं. १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादींत. तीं रानांत एकाकी कोरलेलीं नाहींत. व्यापारी आणि यात्रेकरू ज्या वाटेनें जात तिच्या कडेला, भिक्षा आणि दान मिळेल अशा जागीं तीं आहेत. रस्ता हाच त्यांचा आश्रयदाता. कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचें, आठव्या शतकांतलें. शिखरापासून आरंभ करून खालीं पायापर्यंत तें कोरीत नेलेलें आहे. दगड घातला कोठेंच नाहीं, नुसता काढला आहे. तें पाहून स्वतः शिल्पीच चकित झाला आणि हें आपल्या हातून पुन्हां होणें नाहीं असें त्याला वाटलें, असें बडोद्यास सांपडलेल्या एका ताम्रपटांत म्हटलें आहे. पलीकडे घृष्णेश्वर. वेरूळची पाटिलकी भोसल्यांकडे होती; शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनीं या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि अठराव्या शतकांत अहल्याबाई होळकरांनीं तें पुन्हां उभारलें. औरंगजेबाच्या कबरीपासून मालोजींच्या देवळापर्यंत अंतर अवघें चार-पांच किलोमीटर.

लेणीं मंगळवारीं बंद असतात. दोन दिवस काढणें जमल्यास पहिला गडाला व खुलदाबादेला द्यावा आणि दुसरा वेरूळला. पावसाळा सरतां सरतां घाट हिरवा असतो आणि ऊन सौम्य असतें. गड सकाळींच चढावा, पाणी बरोबर असावें, आणि अंधारींत शिरतांना हातांत विजेरी असावी. आंत पायऱ्या एकसारख्या नाहींत, आणि वटवाघळें पुष्कळ आहेत.